जोत्याखालचा डोंगर

आश्विन लागला की आमच्या गावात भाताला एक वास सुटतो. दाणा भरलेला असतो, लोंब्या वाकलेल्या असतात, खाचरातलं पाणी आटत आलेलं असतं, आणि दुपारच्या उन्हात खाडीवरून येणाऱ्या खारट वाऱ्यात तो वास मिसळतो. आई म्हणते, हा वास पोटात गेला की अर्धी भाकरी कमी लागते. विळे धारेला जातात. खळ्याची जागा सारवायला घेतात. वर्षभर आवळून धरलेली माणसं या दिवसांत जराशी सैल होतात, उगाचच एकमेकांच्या बांधावर जाऊन उभी राहतात.

मला मात्र या वासाने भीती वाटते. तीन वर्षं झाली. दुपार कलली आणि पूर्वेला डोंगराच्या अंगाने ढग चढायला लागले, की हातातलं काम तसंच राहतं आणि बोटं गार पडतात. परतीचा पाऊस वीज घेऊन येतो, तासाभरात कोसळतो आणि निघून जातो. तो कापणीला आलेल्या भाताचं काय करील, याची धास्ती गावाला असते. माझी धास्ती दुसऱ्याच गोष्टीची आहे, आणि ती मी आजवर कुणाला नीट सांगितलेली नाही.

तेव्हा मी अलिबागला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात होते. औषधाच्या दुकानावरचा मजला, चार टेबलं, एक कुरकुरणारा पंखा. माझं काम म्हणजे इमारती बांधून होण्याआधी संगणकात उभ्या करायच्या. पूर्वी कागदावर नकाशे काढत, त्यात भिंत म्हणजे दोन रेघा. आमच्या मॉडेलमधल्या भिंतीला ती कशाची आहे, किती जाड आहे, तिच्यात दार कुठे आहे, हे सगळं ठाऊक असतं. खांबाला विचारलं की तो त्याच्यातलं सिमेंट सांगतो, सळी सांगतो. आणि अलीकडे त्याच्याही पुढचं सांगतो. ते सिमेंट भाजताना, ती सळी वितळवताना, सगळा माल ट्रकने इथवर आणताना हवेत किती कार्बन गेला, त्याचा अंदाज. सगळ्याची बेरीज होऊन शेवटी एक आकडा येतो. एक वीटही अजून रचलेली नसते, आणि ही इमारत जगाला किती तापवणार ते आपल्या हातात आलेलं असतं.

आईला हे समजावताना मला बरेच दिवस लागले होते. शेवटी तिनेच ते एका वाक्यात बसवलं. म्हणाली, "म्हंजे चूल पेटायच्या आधी राख मोजतेस तू."

मला ते फार आवडलं होतं. मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं.

त्या वर्षी आमच्याकडे रेवसच्या रस्त्याला, खाडीच्या काठी होणाऱ्या एका हॉटेलचं काम आलं. मालक मुंबईचे, रो-रो बोटीने गाडीसकट येत. ज्यांचे पैसे लागणार होते त्यांची अट होती की इमारतीचा कार्बनचा आकडा एका मर्यादेच्या आत पाहिजे, तसं प्रमाणपत्र पाहिजे. आमचे शिरीष सर हे काम घ्यायला कचरत होते, कारण असा हिशेब जिल्ह्यात फारसा कुणी केलेला नव्हता. मी म्हटलं, मी करते. सरांनी विश्वास टाकला. आख्खा पावसाळा मी त्या मॉडेलवर घालवला.

ते दिवस सुखाचे होते हेही सांगायला हवं. बाहेर पाऊस, आत मी आणि ती न बांधलेली इमारत. सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते, इमारतीचा जो भाग जास्त कार्बन खातो तो लाल दिसतो, कमी खातो तो हिरवा. आषाढात माझं हॉटेल लालभडक होतं. मग मी एकेक गोष्ट बदलत गेले. स्लॅब थोडा पातळ केला, दोन खांबांमधलं अंतर आवरलं, सिमेंटमध्ये पोलादाच्या भट्टीची मळी मिसळलेला प्रकार घेतला, परदेशी फरशी काढून जवळची घातली. श्रावणात एकेक खोली हिरवी व्हायला लागली. गौरी-गणपतीच्या सुट्टीनंतर परत आले तेव्हा पडद्यावर जणू पावसाळ्यातलं शेतच उभं होतं. आकडा मर्यादेच्या खाली उतरला. सरांनी सगळ्यांना भजी मागवली.

मग आश्विन आला.

एका संध्याकाळी स्कूटरवरून घरी जाताना रस्त्यात डंपरची रांग लागली होती. वळून बघितलं तर डंपर आमच्याच हॉटेलच्या जागेत शिरत होते. चार महिन्यांत मी त्या जागेवर एकदाही गेले नव्हते, गरजच पडली नव्हती. मी स्कूटर लावली आणि आत गेले.

ती जागा मला लहानपणापासून माहीत होती. खाडीलगतचं खारं, खोलगट रान, कडेला तिवरांची झाडं, उधाणाला पाणी आत यायचं आणि ओहोटीला चिंबोऱ्यांची भोकं उघडी पडायची. आता तिथे लाल मुरुमाचा एक सपाट डोंगर होता. माझ्या डोक्याच्या वर त्याची कड होती. कडेने काँक्रीटची जाडजूड भिंत उठत होती, मुरूम खाडीत सरकू नये म्हणून. डंपर वर चढत, मागे सरताना त्यांचा भोंगा एका सुरात वाजत राही, आणि लाल ढीग ओतून ते उतरत. तिथला मुकादम कंटाळलेल्या आवाजात सांगत होता की खालचा चिखल भराव गिळतो, आज टाकलं की महिनाभराने वीतभर खाली बसतं, पुन्हा टाकावं लागतं. किती टाकायचं ते कुणालाच सांगता येत नाही.

माझ्या मॉडेलमध्ये जमीन ही एक सपाट करडी पाटी होती. तिच्यावर माझं हिरवंगार हॉटेल होतं. पाटीच्या खाली काही नव्हतं.

त्या रांगेत तिसरा डंपर माझ्या दादाचा होता. दिनेशदादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आजोबांच्या वेळी आमची मिठागरं होती, ती गेली, मग बाबांनी शेती धरली आणि दादाने गाड्या. त्याचे दोन डंपर होते. त्याने मला बघितलं, हात केला नाही.

दुसऱ्या दिवशी मी सरांना विचारलं. त्यांनी सांगितलं, भराव आणि भिंत हे जागेच्या विकासाचं वेगळं काम, वेगळा ठेकेदार, वेगळे नकाशे. आपली हद्द जोत्यापासून वर. ते खोटं बोलत नव्हते, आमच्या करारात तसंच लिहिलं होतं. मी टेबलावर येऊन बसले आणि पडदा लावला. रोज बघायची तीच इमारत होती. पण आता ती मला एखाद्या हसऱ्या माणसासारखी दिसायला लागली, ज्याच्या पाठीमागे काय आहे ते आपण बघितलेलं आहे.

मी जेवणाच्या सुट्टीत भराव मॉडेलमध्ये घालायला लागले. मुरुमाला स्वतःचा धूर फारसा नसतो. पण तो खणायला, वाहायला, दाबायला डिझेल लागतं, आणि ती भिंत तर निव्वळ सिमेंट आणि सळी. हिशेब करायचा तर मुरूम कुठून येतो, किती लांबून, किती खेपा, हे कळायला हवं होतं. ते सांगू शकणारा माणूस माझ्याच घरात भाकरी खात होता.

दादाला जेवताना विचारलं. कशाला पाहिजे, असं त्याने विचारलं. मी सांगितलं. त्याने ताट उचललं आणि उठला. रविवारी सकाळी मात्र डंपरचं दार उघडून म्हणाला, "चल. बघायचा हाय ना?"

डंपरच्या केबिनमधून आपलाच मुलूख वेगळा दिसतो. दोन्हीकडे पिवळी पडत चाललेली भातं खाली राहिली होती आणि आम्ही त्यांच्यावरून तरंगत चाललो होतो. दादाने गाणी लावली नाहीत. तो नेहमी लावतो. हमरस्ता सोडून आत वळलो तशी झाडांची पानं लाल व्हायला लागली. धूळ. आंब्याची, काजूची, कुड्याची, सगळ्यांची पानं एकाच रंगाची. त्या डोंगराचं नाव मी इथे लिहीत नाही. अशी नावं आपल्या जिल्ह्यात कितीतरी आहेत आणि ज्याला जो आठवेल तो त्याने समजावा.

डोंगराचा पायथा कापलेला होता. उभा, ओला, लाल काप. यंत्र खालून पोखरत होतं. आणि त्या कापाच्या बरोबर वर, एका पट्टीवर, पंधरा-वीस घरांची वाडी होती. कापाच्या कडेपासून पहिलं घर इतकं जवळ, की अंगणातली कोंबडी उडाली तर खाली पडावी.

मी पायवाटेने वर गेले. दादा खाली थांबला. वाडीत माणसं फारशी नव्हती, काही कापणीच्या मजुरीला गेली होती. पहिल्या घराच्या अंगणात एक बाई वाल सोलत बसल्या होत्या. साठीच्या असतील, बारीक चण, डोळे सतत आकाशाकडे जाऊन परत येत होते. नाव विठाबाई. मी कोण म्हणून त्यांनी विचारलं. सरकारी आहेस काय? मी नाही म्हटलं. मग कोण? मी म्हटलं, मी मोजणी करते, बांधकामाला काय काय लागतं त्याची.

त्या उठल्या. "मंग ये," म्हणाल्या, "ह्या मोज."

घराच्या मागे परसातून एक भेग गेली होती. शेवग्याच्या झाडापासून निघून, दोन घरांच्या मागून, पार पलीकडच्या चिंचेपर्यंत. दोन ठिकाणी कुणीतरी तिच्यात दगड आणि माती भरून बघितली होती, ती खाली गेली होती. विठाबाई तिच्या काठावर सवयीने उभ्या राहिल्या, जशी माणसं विहिरीच्या काठावर उभी राहतात.

"पावसाच्या आधी हात जात व्हता," त्या म्हणाल्या. "आता पाय जातो."

मी गुडघ्यावर बसले आणि हात आत घातला. आतून गार हवा येत होती. बाहेर आश्विनातलं ऊन चटके देत होतं आणि त्या भेगेतून माझ्या हातावर माठातल्यासारखा गारवा येत होता. कोपरापर्यंत हात गेला, तळ लागला नाही. मी हात काढला तेव्हा त्याच्यावर शहारे होते. आजही कधी फ्रीजचं दार उघडलं, की तो गारवा मला दंडापर्यंत आठवतो आणि मी दार पटकन लावते.

त्यांनी अर्ज केले होते, माणसं येऊन बघून गेली होती, पावसाळा संपल्यावर बघू असं सांगून गेली होती. त्या तक्रारीच्या सुरात सांगत नव्हत्या. हस्ताचा पाऊस अजून यायचा आहे, एवढंच म्हणाल्या, आणि पुन्हा वर बघितलं.

येताना रस्त्यावरची नजर न काढता दादाने सांगितलं की त्याला ठाऊक होतं. भेग त्यानेही बघितली होती. मी नाही नेली तर दुसरा नेतो, असं तो म्हणाला, आणि मग थोड्या वेळाने, मी काहीही विचारलेलं नसताना, तेच पुन्हा म्हणाला.

सोमवारी मी भराव पूर्ण केला. खेपा दादाने सांगितल्या तेवढ्या धरल्या, अंतर मी स्वतः बघितलं होतं. भिंत घातली, चिखलात बसणाऱ्या मुरुमाची वाढ घातली. मग बटण दाबलं. माझ्या हिरव्या इमारतीच्या खाली एक लाल ठोकळा उमटला. तो इमारतीपेक्षा मोठा होता. आकडा मर्यादा ओलांडून बराच वर जाऊन थांबला.

मी दुसरा एक पर्यायही करून बघितला. भराव काढून टाकायचा, हॉटेल खांबांवर उचलायचं, खालून उधाणाचं पाणी येऊ-जाऊ द्यायचं, खोल्या थोड्या कमी. आकडा मर्यादेच्या जरासाच वर राहिला, पण आवाक्यात होता. म्हणजे वाट होती. हे सगळं घेऊन मी सरांकडे गेले.

शिरीष सर वाईट माणूस नव्हेत. त्यांनी मला काम शिकवलं, माझ्या बाबांच्या आजारपणात रजा दिली. त्यांनी सगळं नीट बघितलं, दोनदा बघितलं. मग खुर्चीत मागे टेकून म्हणाले, "वैशाली, आकडा बरोबर आहे. पण तो कुणी विचारलेला नाही."

गुरुवारी बैठक होती. मालक आणि त्यांच्याबरोबर मेघना मॅडम, ज्या आकडा तपासून प्रमाणपत्राची शिफारस करणार होत्या. सर म्हणाले, भरावाचा लेयर बंद ठेव. लेयर बंद करणं म्हणजे एका लहानशा चौकटीतली खूण काढणं. त्यासाठी काही खोडावं लागत नाही. ते सगळं तिथेच असतं, फक्त दिसत नाही.

मी खूण काढली. इथे मला फिरवून काही सांगायचं नाही. घरात पगार माझाच स्थिर होता, सरांचा शब्द मोडायची सवय नव्हती, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्या खोलीतल्या माणसांसमोर उभं राहून वेगळं काही बोलायची मला भीती वाटत होती. नुसती भीती, तिच्यामागे कुठलंही तत्त्व नव्हतं. मी हिरवी इमारत पडद्यावर फिरवून दाखवली. मालक खूश झाले. मेघना मॅडमनी सगळं टिपून घेतलं आणि शेवटी अगदी सहज विचारलं, "यात सगळं धरलंय ना?"

मी म्हटलं, "हो."

एवढंच. दुसऱ्या कुठल्या शब्दाची मला आयुष्यात इतकी भीती वाटलेली नाही.

शनिवारी दुपारी जेवून आले तेव्हा उजेड बदलला होता. आमच्या ऑफिसच्या खिडकीतून पूर्वेचा एक तुकडा दिसतो. तिथे ढग उभे राहत होते, तळाशी काळेनिळे, वर उन्हात पांढरे. हवा हलत नव्हती. टेबलावरच्या कागदावर माझा हात ठेवला तिथे ओला ठसा उमटला. पहिला गडगडाट झाला आणि माझ्या दंडाला तो गारवा आठवला.

मी दादाला फोन केला. तो हॉटेलच्या जागेवर गाडी रिकामी करत होता. त्याने सांगितलं की पाऊस दिसतोय म्हणून खाणीतलं काम बंद केलं आहे, यंत्र बाहेर काढलं आहे. मी म्हटलं, यंत्र काढलं, माणसं? मागे भोंगा वाजत होता. मी एवढंच म्हटलं, "दादा, तू वर जा. मी हात घातलाय त्यात."

त्याने फोन ठेवला.

त्यानंतरचे दोन तास मी कसे काढले ते मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. पाऊस अलिबागला आला तेव्हा समोरची इमारत दिसेनाशी झाली. दिवे गेले. संगणक बंद पडला आणि काळ्या पडद्यात माझा चेहरा दिसायला लागला, तो मला बघवेना म्हणून मी उठून जिन्यात जाऊन बसले. दादाचा फोन लागत नव्हता. आईचा आला, तिला मी काही सांगितलं नाही, भात झाकलं का एवढं विचारलं. खालच्या औषधाच्या दुकानात एक बाप आपल्या मुलीसाठी तापाचं औषध मागत होता, त्याचा आवाज मला अजून आठवतो, इतका साधा, इतका रोजचा. मी पायऱ्या मोजत होते. मग मनातल्या मनात घरं मोजत होते. पंधरा की वीस? मी खेपा मोजल्या होत्या, अंतर मोजलं होतं, भिंतीतली सळी मोजली होती. घरं मी मोजली नव्हती.

पाऊस थांबला. उन्हं उतरताना फोन वाजला. दादाच्या आवाजाला दम लागला होता. "सगळी खाली हायत," तो म्हणाला.

वाडीतल्या म्हाताऱ्यांना, बायकांना, पोरांना त्याने डंपरच्या हौद्यात घालून दोन खेपांत खाली शाळेजवळ आणलं होतं. गडी मागून चालत आले. दुसरी खेप उतरून अर्धा तास झाला नसेल, तेव्हा कड सुटली. त्याने सांगितलं की आवाज मोठा नव्हता, ढीग ओतावा तसाच झाला. तीन घरं गेली. कोंबड्या, एक शेळी, वालाची पोती. माणूस एकही गेला नाही.

मी जिन्यातच बसून राहिले. सुटका झाल्यावर माणसाला हलकं वाटतं म्हणतात. मला तेव्हा पहिल्यांदा खरी भीती वाटली, कारण आता कळलं होतं की आपण किती जवळून गेलो.

सोमवारी सकाळी मी मेघना मॅडमना फोन करून सांगितलं की त्या दिवशी मी हो म्हणाले ते खरं नव्हतं. भरावासकट सगळं मॉडेल त्यांना पाठवलं. मग सरांच्या केबिनमध्ये जाऊन तेही सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी सुधारलेल्या अहवालावर स्वतःची सही करून तो माझ्या टेबलावर ठेवला आणि घरी निघून गेले.

पुढे जे झालं त्यात मोठा विजय वगैरे नव्हता. प्रमाणपत्र अडलं. मालकांनी चिडून काम दुसऱ्याकडे न्यायची धमकी दिली, मग हिशेब करून बघितला आणि खांबांचा पर्याय घेतला, खोल्या आणखी कमी करून. ते हॉटेल आज उभं आहे, भरतीला त्याच्या खालून पाणी जातं. अर्धवट टाकलेला भराव तसाच राहिला, त्याच्यावर आता गवत उगवलं आहे. ती खाण बंद झाली. दुसऱ्या डोंगरावर दुसरी सुरू झाली.

दादाने एक डंपर विकला. त्या दिवसानंतर तो माझ्याशी तुटक बोलायचा. मी त्याला वर पाठवलं म्हणून, की मी त्याच्या खेपा कागदावर आणल्या म्हणून, ते मला कळलं नाही. भाऊबीजेला पाटावर बसला, ओवाळून घेतलं, जेवला. हात धुताना पाठमोरा उभा राहून म्हणाला, "मला एक सांग. कुठच्या डोंगराची माती चालंल?"

लोकांना घरं हवी आहेत, घराला जोतं हवं, जोत्याला भराव. आमच्या स्वतःच्या घराखाली काय आहे ते मी बाबांना विचारलं होतं. ते म्हणाले, तुझ्या आज्याने बैलगाडीने आणली होती माती. कुठून? ते त्यांना माहीत नव्हतं. ज्याला माहीत होतं तो आता नाही. त्या रात्री मी जमिनीवर अंथरूण न घालता खाटेवर झोपले, कारण मला खालून काहीतरी सरकेल असं वाटत राहिलं. हे हसण्यासारखं आहे, मला कळतं. पण भीती अशीच असते, ती आपलं हसं करूनही सोडत नाही.

मी वर्षभराने ते ऑफिस सोडलं, भांडून नव्हे. आता घरूनच कामं घेते. कुठलंही मॉडेल सुरू करताना पहिल्यांदा जमिनीच्या खालचं विचारते. काही लोक सांगतात, काही दुसरीकडे जातात.

वाडीतली माणसं तीन पावसाळे पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. उन्हाळ्यात पत्रा तापतो, पावसात आवाजाने झोप लागत नाही. यंदा त्यांना सपाटीला जागा मिळाली, मोजणी झाली, घरांचे नकाशे हवे होते. ते काम मी मागून घेतलं. गेल्या आठवड्यात लॅपटॉप घेऊन शेडमध्ये गेले. भातं पिकली होती, तोच वास, पूर्वेला ढग चढत होते, आणि मी मुद्दाम ढगांकडे पाठ करून बसले.

विठाबाई शेजारी येऊन बसल्या. मला वाटलं होतं त्यांना पडद्यावरचं घर कळणार नाही. पण त्यांनी चटकन ओळखलं, पडद्याला हात न लावता बोटाने दाखवत राहिल्या. चूल इकडे नको, वारा येतो. पडवी जरा लांब कर, वाल वाळवायला जागा पाहिजे. मापं त्या हातांत सांगत होत्या, मी मीटरमध्ये बसवत होते. कोपऱ्यात कार्बनचा आकडा लहानसा हलत होता, थोडा वर, थोडा खाली. मी तो त्यांना दाखवला नाही.

सगळं झाल्यावर त्यांनी घराच्या मागच्या भिंतीकडे बोट रोखलं. मग म्हणाल्या, "मागं एक दार ठेव, बाय."

मी म्हटलं, पुढे मोठं दार आहे की.

"त्या दिशी पुढचा उघडत नव्हता," त्या म्हणाल्या. "चौकट पिळली व्हती. गाडी खाली भोंगा वाजवी, नि मी आतून दार ओढी. मंग मागचा कूड फोडून निंगले." त्यांनी हात पुढे केले. बोटांच्या पेरांवर जुने पांढरे वण होते. तीन वर्षं मी त्यांना भेटत होते आणि ते मी बघितले नव्हते.

शेडच्या पत्र्यावर पहिले थेंब वाजायला लागले. त्यांनी वर बघितलं, मीही बघितलं. मग मी मागच्या भिंतीत दार ठेवलं, बाहेर उघडणारं. कोपऱ्यातला आकडा जराही हलला नाही.